ऑफिसच्या मंडळींसह दुपारचे व्हिएतनामी जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे ऑफिस बाणेरला आहे. मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, झेरॉक्सचे दुकान आणि इस्त्रीवाला यांच्या मधल्या गाळ्यात, गेल्या वर्षी आठ टेबलांचे एक व्हिएतनामी उपाहारगृह सुरू झाले. आषाढातल्या एका पावसाळी दुपारी आम्ही सहा जण तेथे पहिल्यांदा गेलो आणि तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी जातो. इतर विभागांतील सहकारी लिफ्टमध्ये, जिन्यात आणि चहाच्या टपरीवर मला तेच तेच प्रश्न विचारत आले आहेत. प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा सगळी उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान. उपाहारगृहाचे नाव मुद्दाम दिलेले नाही. एक तर खाली त्यांच्याबद्दल एक तक्रारही आहे, आणि दुसरे असे की यातील बहुतेक माहिती पुण्यातल्या कोणत्याही व्हिएतनामी उपाहारगृहात उपयोगी पडेल.

हे म्हणजे चायनीजच ना?

नाही, आणि हा समज मनात धरून गेल्यास पहिल्या दहा मिनिटांतच विरस होतो. आपल्याकडे गाडीवर मिळणारे चायनीज म्हणजे भडकत्या आचेवरची कढई, सढळ तेल, सोया सॉस, कॉर्नफ्लॉवरने दाट केलेली ग्रेव्ही आणि वर शेजवान चटणी. व्हिएतनामी स्वयंपाकात तेल बेताचे असते, रस्सा पातळ आणि नितळ असतो आणि बहुतेक पदार्थांबरोबर हिरवा पाला कच्चाच वाढला जातो.

चीनचा प्रभाव आहे, हे खरे. उत्तर व्हिएतनाम सुमारे हजार वर्षे चिनी सत्तेखाली होता. नूडल्स, टोफू आणि चॉपस्टिक हे सारे त्या संबंधातून आले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९५४ पर्यंतच्या फ्रेंच राजवटीने पाव आणि कॉफी रुजवली. दक्षिणेकडे नारळाच्या दुधात शिजवलेली कोंबडीची 'का री' मिळते, तिच्या नावात तर आपलीच करी आहे. ज्या सहकाऱ्याला नवे काही खाण्याचे धाडस होत नसेल, त्याच्यासाठी ही 'का री' आणि भात हा सुरक्षित मार्ग आहे. मात्र एवढ्या लांब येऊन तेवढेच खाऊन परतणे मला स्वतःला पटत नाही.

'फो' या शब्दाचा खरा उच्चार काय?

फो म्हणजे कढत रश्श्यातल्या तांदळाच्या नूडल्सचा वाडगा; त्याचे वर्णन पुढे आहे. 'फो' म्हटले तरी वाढणारा बरोबर तोच वाडगा आणतो, त्यामुळे संकोच नको. मूळ उच्चाराच्या जवळ जायचे असेल, तर 'फक्त' मधला 'फ' थोडा लांबवावा आणि आवाज आधी खाली नेऊन मग प्रश्न विचारल्यासारखा वर उचलावा. या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो; हनोईच्या बोलीत असे सहा सूर आहेत. आपल्या कानाला गंमत वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे, शाकाहारी या अर्थाचा व्हिएतनामी शब्द जवळजवळ 'चाय' असा उच्चारला जातो आणि हनोईकडे चहाला 'चा'च्या जवळचे काहीतरी म्हणतात. मेनूकार्डावर पदार्थाच्या नावाला 'चाय' जोडलेले दिसले, तर तो चहा नसून शाकाहारी पदार्थ आहे, एवढे लक्षात ठेवावे.

सहा जण पहिल्यांदा जाणार असतील, तर काय मागवावे?

प्रत्येकाने आपापला पदार्थ मागवून आपापल्या वाडग्यात डोके घालून बसण्यापेक्षा मधोमध ठेवून खाण्याचे पदार्थ आधी मागवावेत. व्हिएतनामी घरांतही अशीच रीत आहे : भात ज्याच्या त्याच्या वाटीत आणि बाकीचे पदार्थ मध्ये, सर्वांचे. आम्ही साधारणपणे ताज्या गुंडाळ्यांच्या दोन बशा, एक 'बान सेओ', तीन वाडगे फो आणि दोन 'बान मी' मागवतो. एवढ्यात सहा जणांचे नीट होते आणि फो कोणाला किती आवडतो, याचा अंदाजही येतो.

ताज्या गुंडाळीला 'गोय कुऑन' म्हणतात. तिचे आवरण म्हणजे तांदळाचा पारदर्शक कागद. मेनूकार्डावर त्याला राइस पेपर म्हणतात, पण ज्यांनी आजोळी उन्हाळ्यात सालपापड्या होताना पाहिल्या आहेत, त्यांना तो लगेच ओळखू येईल. तांदूळ भिजवून वाटायचे, पातळ पीठ पसरून वाफवायचे, तो पापुद्रा अलगद सोडवायचा आणि उन्हात वाळवायचा, कृती तीच. आपण तो वाळल्यावर तळतो, ते पाण्यात बुडवून पुन्हा मऊ करतात आणि त्यात शेवया, पुदिना, कोथिंबीर, सॅलडची पाने आणि कोळंबी किंवा टोफू गुंडाळतात. तेलाचा थेंबही नसलेली ही गुंडाळी शेंगदाण्याच्या दाट सॉसमध्ये बुडवून खाल्ली, की 'आत नुसता पाला आहे' ही तक्रार बरीचशी मावळते. ज्यांची मावळत नाही, त्यांच्यासाठी तळलेल्या गुंडाळ्याही असतात. त्यांना दक्षिणेत 'चा यो' आणि उत्तरेत 'नेम' म्हणतात.

'बान सेओ' म्हणजे सोप्या भाषेत घावन. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि हळद यांचे पातळ मिश्रण तापल्या तव्यावर ओतले की जो आवाज होतो, तो म्हणजे 'सेओ'. आपण 'चर्र' म्हणतो. हा पिवळा रंग हळदीचा असतो. आमच्या एका सहकाऱ्याने ते ऑम्लेट समजून दोनदा बशी पुढे सरकवली होती. कडेचा कुरकुरीत तुकडा मोडायचा, पानात गुंडाळायचा आणि आंबटगोड पाण्यात बुडवायचा. नेहमीच्या सारणात कोळंबी आणि पोर्क असते, म्हणून शाकाहारी हवा असल्यास तसे आधीच सांगावे लागते.

'बान मी' हा पावाचा प्रकार. पोर्तुगीजांचा पाव घेऊन आपण त्यात बटाटावडा घातला. व्हिएतनामी लोकांनी फ्रेंचांचा लांब पाव घेऊन त्यात भाजलेले मांस, गाजर आणि पांढऱ्या मुळ्याचे आंबटगोड लोणचे, काकडी, कोथिंबीर आणि मिरची घातली. घाईच्या दिवशी हाच मागवावा.

फो म्हणजे नेमके काय आणि तो खायचा कसा?

तांदळाच्या चपट्या, फितीसारख्या नूडल्स, त्यावर मांसाचे किंवा टोफूचे काप आणि त्यावर ओतलेला कढत, नितळ रस्सा, एवढेच त्याचे स्वरूप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस उत्तर व्हिएतनाममध्ये, हनोई आणि नाम दिन्ह या भागात, तो लोकप्रिय झाला. १९५४ मध्ये देशाची फाळणी होऊन उत्तरेकडील लाखो लोक दक्षिणेत गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर फोही गेला. दक्षिणेत त्याच्या शेजारी पाल्याची भरगच्च बशी, मोड आलेले मूग आणि गोडसर सॉस आले. आमच्या गल्लीत मिळतो तो या दक्षिणी वळणाचा.

सगळी करामत रश्श्यात असते. हाडे प्रथम उकळून ते फेसाळ पाणी फेकून देतात, मग ताज्या पाण्यात मंद आचेवर ती तासन् तास ठेवतात. भराभर उकळी फुटू दिली तर रस्सा गढूळ होतो. आले आणि कांदा थेट जाळावर काळे होईपर्यंत भाजून घालतात, जसे आपण वाटणासाठी कांदा-खोबरे भाजतो. त्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा, धणे, आणि चव गोलाईवर आणण्यासाठी खडीसाखर. पहिल्या दिवशी वाडगा समोर आला, तेव्हा लेखा विभागातील मॅडम वाफेवर वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा तर गोड्या मसाल्याच्या डब्याचा वास!" त्यांचे बरोबर होते. मसाले बहुतांशी तेच आहेत, फक्त कुटून घालण्याऐवजी सबंध घालून नंतर गाळून टाकलेले.

आता खाण्याविषयी. वाडगा आल्यावर प्रथम दोन चमचे रस्सा जसा आला तसा प्यावा. त्याआधी सॉस ओतणे म्हणजे आमटी चाखण्यापूर्वीच तिच्यात मीठ घालण्यासारखे आहे. मग बशीतला पाला हाताने तोडून टाकावा, लिंबू पिळावे, हवी तर मिरची घालावी. त्या बशीतली जांभळट देठाची, बडीशेपेचा वास असलेली पाने तुळशीची वाटतात. ती तुळशीच्याच कुळातली, पण देव्हाऱ्यातली तुळस नव्हेत. ज्याचे बी आपण फालुद्यात घालतो, त्या सब्जाची ती एक जात. उजव्या हातात चॉपस्टिक आणि डाव्या हातात चमचा धरावा, नूडल्स चॉपस्टिकने आणि रस्सा चमच्याने घ्यावा. बोलण्याच्या नादात वीस मिनिटे वाडगा तसाच ठेवला तर नूडल्स रस्सा पिऊन फुगतात आणि मग तो फो राहत नाही. ऑफिसच्या कामाच्या गप्पा त्यामुळे गुंडाळ्यांच्या वेळी उरकाव्यात.

चव फार मिळमिळीत असते का?

वाडगा जसा येतो तशा अवस्थेत आपल्याला तो सौम्य वाटतो, यात शंका नाही. आमच्या गटातील कोल्हापूरच्या एका सहकाऱ्याने पहिल्या घासानंतर "आजारी माणसाचे जेवण" असा निकाल दिला होता. परंतु हे जेवण स्वयंपाकघरात अर्धेच तयार होते आणि उरलेले टेबलावर, खाणाऱ्याच्या हाताने. आपल्या पानात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे असते, आणि वरणभाताची चव तूप-लिंबू पडल्यावरच उघडते; येथेही नेमके तेच अपेक्षित आहे. कोल्हापूरच्या त्या सहकाऱ्याने दोन फोडी लिंबू पिळले, लाल मिरचीचे तीन-चार काप टाकले, मिरचीची चटणी मागून घेतली, आणि शेवटी वाडगा दोन्ही हातांनी उचलून रस्सा संपवला. निकाल मात्र त्यांनी अजून अधिकृतपणे बदललेला नाही.

शाकाहारी व्यक्तीने जावे का?

जावे, पण डोळे उघडे ठेवून. या एका प्रश्नावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण चूक आमच्या हातून होऊन गेली आहे.

पहिल्या भेटीत आमच्या गटातील एका शाकाहारी सहकारी ताईंनी 'व्हेज फो' मागवला. वाडग्यात टोफू, मशरूम, गाजर आणि पाकचोयची पाने होती. मांसाचा तुकडाही नव्हता. अर्धा वाडगा संपत आल्यावर त्यांना शंका आली आणि त्यांनी वाढणाऱ्या मुलाला विचारले, "दादा, हे पाणी कशाचे आहे?" तो आत जाऊन आला आणि अगदी निरागसपणे म्हणाला, "मॅडम, स्टॉक चिकनचा आहे, पण पीस एकही नाही." ताईंनी चमचा खाली ठेवला. त्या ओरडल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी पुढे काही खाल्लेही नाही, आणि आमच्यापैकी कोणालाच समोरचे अन्न गोड लागले नाही. व्यवस्थापकांनी माफी मागून त्या वाडग्याचे पैसे वगळले. पैशांचा प्रश्न नव्हताच. पांढऱ्या रश्श्यातून मटणाचे तुकडे काढून तो शाकाहारी म्हणून वाढला, तर कोल्हापुरात कोणी ऐकून घेईल का? पुढच्या महिन्यापासून तेथे मशरूम, मुळा, गाजर आणि मक्याच्या कणसाचा रस्सा वेगळ्या पातेल्यात होऊ लागला, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल.

दुसरी अडचण वाटीतल्या पातळ सॉसची. 'नुअक माम' म्हणजे फिश सॉस हा या स्वयंपाकाचा कणा आहे. मांदेलीच्या कुळातील बारीक मासळी आणि मीठ मोठ्या पिंपात थरांनी भरून सुमारे वर्षभर मुरवतात आणि त्यातून निघणारा तपकिरी अर्क मिठाच्या जागी वापरतात. फू क्वोक या बेटाचा फिश सॉस विशेष नावाजलेला आहे. त्यात पाणी, लिंबू, साखर, लसूण आणि मिरची मिसळली की बुडवून खाण्याचा आंबटगोड सॉस तयार होतो. तो दिसायला इतका साधा असतो की त्यात मासळी असेल, असे मनातही येत नाही. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीवर तर तो आधीच घातलेला असतो.

म्हणून मेनूकार्डावरच्या हिरव्या ठिपक्यावर थांबू नये. रस्सा कशाचा आहे, बुडवायच्या सॉसमध्ये फिश सॉस आहे का आणि तळण्याचे तेल वेगळे आहे का, हे तीन प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत. 'व्हेज आहे ना?' या प्रश्नाला आपल्याकडे नेहमी होच उत्तर मिळते.

व्हिएतनाममध्ये शाकाहाराची परंपरा नाही, असे मात्र समजू नये. तेथील अनेक बौद्ध कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे ढोबळमानाने अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, शाकाहार पाळतात आणि तेव्हा फिश सॉसऐवजी सोया सॉस वापरतात. शाकाहारी फो ही पुण्यासाठी केलेली तडजोड नव्हे. तो नीट करायचा असेल तर त्याची स्वतःची कृती आहे.

जैन जेवण मिळेल का? उपवासाला काही चालेल का?

जैन सहकाऱ्यांसाठी हे ठिकाण अवघड आहे. विशेष म्हणजे व्हिएतनाममधील काटेकोर बौद्ध शाकाहारात कांदा-लसूण वर्ज्यच असतो, परंतु आमच्या गल्लीतल्या शाकाहारी रश्श्यात भाजलेला कांदा असतो, शिवाय गाजर आणि मुळा हे कंद आहेतच. आदल्या दिवशी सांगितल्यास ते काकडी, सॅलडची पाने, पुदिना आणि टोफू घालून गुंडाळ्या करून देतात. जेवण म्हणून तेवढे पुरत नाही.

उपवासाला काहीही चालत नाही. तांदळाच्या कागदात पुष्कळदा टॅपिओकाचे, म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचे, पीठ मिसळलेले असते, हे समजल्यावर आमच्या एका सहकाऱ्याने संकष्टीला वाद घालून पाहिला. पण तांदूळ तो तांदूळच. श्रावणात आमची महिन्याची फेरी थांबत नाही, फक्त टेबलावरचे वाडगे बदलतात. गटाचा दिवस ठरवताना गुरुवार आणि शनिवार टाळावेत, म्हणजे निम्म्या लोकांची कुचंबणा होत नाही.

फोमध्ये गोमांस असते का? पोर्कचे काय?

व्हिएतनाममध्ये फो मुख्यतः गोमांसाचा असतो, त्यानंतर कोंबडीचा. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. म्हशीच्या मांसाला ती लागू नाही. त्यामुळे येथे फो चिकनचा किंवा क्वचित म्हशीच्या मांसाचा, ज्याला मेनूकार्डावर 'बफ' म्हणतात, मिळतो. पोर्क मात्र तळलेल्या गुंडाळ्यांमध्ये आणि 'बान मी'मध्ये असू शकते. मुस्लिम सहकारी सोबत असतील तर हे आधी विचारून घेणे आपले काम आहे. ते त्यांच्यावर सोडू नये.

शेंगदाणे किंवा गव्हाची ॲलर्जी असेल तर?

शेंगदाणे सॉसमध्ये असतात आणि कुटून वरूनही भुरभुरलेले असतात, त्यामुळे ॲलर्जी तीव्र असल्यास न गेलेले बरे. गहू वर्ज्य असणाऱ्यांना तांदळाच्या नूडल्स आणि तांदळाचा कागद चालतो, पण सोया सॉस आणि होयसिन सॉस यांत बहुधा गहू असतो, आणि 'मी' नावाच्या नूडल्स तर गव्हाच्याच. कोळंबी न चालणाऱ्यांनी 'बान सेओ' आणि गुंडाळ्यांबद्दल विचारावे.

पावसाळ्यात कच्चा पाला आणि मोड आलेले मूग खावेत का?

मी खातो, पण कढत रश्श्यात बुडवून. बशी आल्याबरोबर मूग आणि पाने वाडग्यात दाबून ठेवावीत आणि मिनिटभर थांबावे. कच्च्या पाल्याच्या गुंडाळ्या आम्ही आषाढ-श्रावणात मागवत नाही, तळलेल्या मागवतो. हा डॉक्टरांचा सल्ला नव्हे, आमच्या आईची शिस्त आहे.

चॉपस्टिकने खाता येत नसेल तर लाज वाटण्याचे कारण आहे का?

अजिबात नाही, काटा मागितला की मिळतो. गुंडाळ्या आणि 'बान सेओ' तर हातानेच खायचे असतात, आणि तेथे आपण कोणाला हार जाणार नाही. शिकायचेच असेल तर खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात स्थिर ठेवावी आणि फक्त वरची, पेन धरल्यासारखी, हलवावी. एक गोष्ट पाळावी : भाताच्या वाटीत चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवू नयेत. मृतांसाठी लावलेल्या उदबत्तीची ती खूण असल्याने व्हिएतनाममध्ये ते अशुभ मानतात. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. दहाव्याच्या पानाशी जोडलेल्या गोष्टी रोजच्या पानात आपणही टाळतो.

एका तासात जेवून परत येता येते का?

एकच्या ठोक्याला निघालात तर नाही, पावणेएकला निघालात तर होय. आठ टेबलांपैकी सहा सव्वाएकच्या आत भरतात. रस्सा तयारच असतो आणि नूडल्स काही सेकंदांत उकळून निघतात, त्यामुळे फो मागवल्यापासून दहा मिनिटांत समोर येतो. वेळ लागतो तो 'बान सेओ'ला, कारण तवा एकच आहे. चालत गेल्यास बाणेर रस्त्यावरची वाहतूक आणि गल्लीतली पार्किंगची विवंचना, दोन्ही टळतात.

पोट भरते का? डबा आणलेला असेल तर काय करावे?

जेवून उठताना भरल्यासारखे वाटते आणि साडेचारला पुन्हा भूक लागते, हा माझा अनुभव आहे. पोळीची सवय असलेल्यांनी फोबरोबर एक 'बान मी' वाटून घ्यावा. डबा मात्र त्या दिवशी आणूच नये. आमच्यातील एकांनी घरी सांगायचे विसरून डबा आणला आणि सायंकाळी तो तसाच परत नेला, त्याचे पडसाद दुसऱ्या दिवशीच्या डब्यात उमटले होते.

बिल कसे वाटून घ्यावे?

समान वाटणी सर्वांत सोपी, पण गटात शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही असतील तर ती अन्यायाची होते, कारण कोळंबीचे पदार्थ महाग असतात. आम्ही मधोमध ठेवलेल्या पदार्थांची रक्कम सारखी वाटतो आणि वाडगे ज्याचे त्याने द्यायचे, असे ठरवले आहे. एकाने यूपीआयने पूर्ण बिल भरावे आणि ऑफिसात पोहोचण्यापूर्वी इतरांनी पैसे पाठवावेत. 'उद्या देतो' हा उद्या कधी उजाडत नाही.

बिल तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात. साध्या उपाहारगृहात जीएसटी एकूण ५ टक्के असतो आणि तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत छापला जातो. म्हणजे २४०० रुपयांच्या जेवणावर १२० रुपये. सेवा शुल्काची ओळ वेगळी असते आणि ते ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती ग्राह्य धरली. १० टक्के दराने २४०० रुपयांवर २४० रुपये होतात, आणि वर त्या शुल्कावरही जीएसटी लागतो. नको असल्यास शांतपणे काढायला सांगावे. आम्ही ते काढायला लावतो आणि वाढणाऱ्या मुलाच्या हातात टीप देतो.

कॉफी घ्यावी का?

जरूर, पण साहेबांची तीनची बैठक आणि रात्रीची झोप यांचा हिशेब करून. ब्राझीलनंतर जगात सर्वाधिक कॉफी व्हिएतनाममध्ये पिकते आणि ती मुख्यतः रोबस्टा जातीची असते, जिच्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते. 'फिन' नावाची छोटी धातूची गाळणी पेल्यावर ठेवून आणतात. तळाशी बोटभर कंडेन्स्ड मिल्क असते आणि त्यावर काळी कॉफी थेंब थेंब पडते. चार-पाच मिनिटे लागतात. मग ढवळून बर्फावर ओतायचे. ताजे दूध दुर्मीळ असल्याने तेथे डब्यातले दूध रुजले. हनोईत १९४६ मध्ये दुधाच्या टंचाईतूनच अंड्याचा पिवळा बलक फेटून घातलेली कॉफीही निघाली. ती आमच्या येथे मिळते, पण शाकाहारी मंडळींनी नुसत्या फेसावर भुलून मागवू नये.

पार्सल मागवले तर चालेल का?

गुंडाळ्या आणि 'बान मी' चालतात. फो मागवायचा असेल तर रस्सा आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत द्यायला सांगावे आणि ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये रस्सा वाफा येईपर्यंत तापवून मगच एकत्र करावे. कोमट फो मी एकदाच खाल्ला आहे. फिश सॉसची वाटी पँट्रीत उघडू नये. मागच्या वेळी सुकट कोणी आणली, याची चौकशी दोन मजल्यांवर झाली होती.

पुढच्या फेरीत सामील व्हायचे असल्यास काय करावे?

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी आम्ही जातो. एका टेबलावर सहा जण मावतात आणि दोन टेबले जोडली की दहा, त्याहून अधिक नाही. मंगळवारी दुपारपर्यंत मला नाव आणि 'शाकाहारी', 'अंडे चालते', 'पोर्क नको', 'शेंगदाणे नकोत' यांपैकी जे लागू असेल ते कळवावे, कारण त्याच दिवशी चार वाजता मी उपाहारगृहात फोन करून विचारतो : "उद्या भाज्यांचा रस्सा वेगळ्या पातेल्यात असणार ना?" उत्तर 'हो' आले तर टेबल राखून ठेवायला सांगतो. 'बघतो' आले, तर त्या बुधवारी आपण मिसळ खायला जातो.